लांब दांड्याचे आरसे ठेवू देण्याबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक साहेब,
वाहन तपासणी शिबीर, मुक्काम आष्टा,
ता. वाळवा, जि. सांगली.

अर्जदार : चांदसाहेब दस्तगीर शिकलगार, वय ६१, धंदा जत्रेत घोड्यांचा पाळणा फिरवणे, रा. आष्टा.

विषय : पिकअप गाडीला बसवलेले लांब दांड्याचे दोन आरसे कायम ठेवण्यास परवानगी मिळणे व फेरतपासणीची तारीख गुरुवारची मिळणेबाबत.

संदर्भ : शिबिरात दि. ५ नोव्हेंबर रोजी हाती मिळालेली त्रुटींची चिठ्ठी.

महोदय,

१) अर्जदाराला अर्जांची सवय आहे. जत्रेत पाळण्याला जागा मिळावी म्हणून गावोगावच्या ग्रामपंचायतींना तो गेली बत्तीस वर्षे स्वतःच्या हाताने अर्ज लिहीत आला असून, अर्जात 'मी' न लिहिता 'अर्जदार' लिहावे ही रीत त्याने तिथेच उचलली. त्या अर्जांत फार खोटे नसे. फार तर आठ घोड्यांचे दहा घोडे होत. या अर्जात तेवढेही केलेले नाही.

२) अर्जदाराच्या पिकअपला मागे जी ट्रॉली जोडलेली असते, तिच्यावर पाळण्याचे चाक आडवे झोपवून न्यावे लागते. चाक काही दुमडत नाही. त्यामुळे ट्रॉली साडेसात फूट रुंद आणि पुढची गाडी साडेपाच फूट, असा बेंगरूळ जोडा आहे. गाडीचे मूळ आरसे आखूड. त्यांत पाहिले की ट्रॉलीचा पत्रा आणि त्यावर रंगवलेल्या 'सबा पाळणा' या नावातले 'सबा' तेवढे दिसते. मागे ट्रक आहे, मोटारसायकल आहे की कुणाचा बैल सुटून आला आहे, काही म्हणता काही कळत नाही. सबा ही अर्जदाराची एकुलती मुलगी. तिचे नाव दिसते याचे समाधान आहे, पण नावाच्या मागचा रस्ता दिसत नाही, ही अडचण आहे.

३) "काका, मग इतकी वर्षं गाडी चालवलीत कशी?" असे आपण शिबिरात विचारले होते. तेव्हा मागे रांग खोळंबली होती आणि अर्जदाराला बोलणे सुधरले नाही. त्याचे उत्तर आता सादर करण्यात येत आहे. ट्रॉलीच्या शेवटच्या फळीवर अर्जदाराची पत्नी अख्तरबी बसत असे. तिच्या हातात दोरी, आणि दोरीचे दुसरे टोक केबिनमधल्या घंटीला. घंटी भंगारात निघालेल्या एस.टी.ची. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे मागे घ्या. जत्रेच्या गर्दीत तिने तीनदा दोरी ओढली की अर्जदार बेलाशक गाडी मागे घेई आणि ट्रॉली बोटभरही इकडे तिकडे न होता जागेवर येई. एखादे पोर आडवे आले की लगेच एक. बावीस वर्षांत कुणाच्या पायाला चाक लागले नाही. तिचे हे कौतुक तिच्यासमोर करायचे राहून गेले. ट्रॉलीवर माणूस बसवणे कायद्याला धरून नाही हे अर्जदारास माहीत होते, आणि तो गुन्हा बावीस वर्षे घडला हे कबूल आहे.

४) अख्तरबी यंदाच्या चैत्रात वारली. शेवटच्या फळीवर आता कोणी नाही.

५) त्यानंतर अर्जदाराने आष्ट्यातले वेल्डर शाहनवाज यांच्याकडून सदर आरसे करून घेतले. दांडे पाळण्याच्याच जुन्या नळीचे आहेत. ते मूळ अंगापासून प्रत्येक बाजूला दोन वीत बाहेर येतात, म्हणून आपण चिठ्ठीत त्रुटी क्रमांक एक लिहिली. ती बरोबर आहे. तथापि दोन्ही दांड्यांना बिजागरी असून ट्रॉली सोडल्यावर आरसे आत दुमडले जातात, हे त्या दिवशी दाखवायचे राहिले. या आरशांतून ट्रॉलीच्या कडेचा रस्ता, मागून येणारी वाहने आणि शेवटच्या फळीची दोन्ही टोके दिसतात. सबाने मागे लावायचा कॅमेराही आणून दिला होता. उन्हात त्याचा पडदा पांढराफटक पडतो आणि जत्रेतल्या फुफाट्याने तासाभरात आंधळा होतो. शिवाय तो ट्रॉलीच्या मागचे दाखवतो, ट्रॉली दाखवत नाही. अर्जदाराला ट्रॉली बघायची आहे.

६) त्रुटी क्रमांक दोन, घंटी व दोरी. ही काढावी असे आपले म्हणणे आहे, आणि ते म्हणण्यास कारणही घडलेले आहे. दसऱ्याच्या आधी कराडच्या अलीकडे महामार्गावर वाऱ्याने दोरी ताडपत्रीत अडकून ताणली गेली आणि घंटी एकदा वाजली. अर्जदाराने गाडी होती तिथे थांबवली. मागची वाहने भोंगे वाजवू लागली तरी तो दोन ठोक्यांची वाट पाहत बसून राहिला. मग भानावर येऊन खाली उतरला, ट्रॉलीच्या मागे चालत गेला, स्वतःच दोनदा दोरी ओढली, परत येऊन बसला आणि निघाला. महामार्ग पोलिसांनी त्याला बाजूला घेऊन समज दिली. थांबण्याचे कारण विचारले असता घंटी वाजली असे त्याने सांगितले. दोरी कोणी ओढली, असे त्यांनी विचारले.

७) आता घंटीचा नियम नीट समजावून सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर आहे. एक ठोका पडला की दोन पडेपर्यंत चालकाने खाली उतरायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही आणि हाक मारून विचारायचेही नाही. हा नियम अख्तरबीचा. माणदेशाच्या उघड्या माळावरून दिवस दिवस गाडी चालते. बाईमाणसाला आडोशाला जायचे असले तर ते नवऱ्याला तरी मोठ्याने कसे सांगायचे? म्हणून एक ठोका. सुरुवातीला अर्जदार प्रत्येक वेळी उतरून काय झाले म्हणून विचारायला जाई. एकदा ती चिडून म्हणाली, "आवं, घंटी दिली न्हवं? मग उतरून काय इचारताय? दोन हुईस्तवर गप बसा की." त्या दिवसापासून अर्जदार गप बसत आला.

८) दि. ६ मे रोजी खरसुंडीची जत्रा उरकून अर्जदार परतत होता. विट्याच्या अलीकडे दुपारी साडेतीनच्या सुमारास एक ठोका पडला. अर्जदाराने बाभळीच्या सावलीला गाडी घेतली. पाणी प्यायला. पुढची काच पुसली. फोन एकच होता आणि तो केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला होता. आरशात पाहिले तर पत्रा आणि सबाचे नाव. तिला आज जरा वेळ लागतो आहे, असे मनात आले आणि असे मनात आले म्हणून लाजही वाटली. मग त्याचा डोळा लागला. खिडकीवर काठी वाजली तेव्हा तो जागा झाला. मेंढरांमागून आलेला अर्जुना नावाचा धनगर होता. तो म्हणाला, "आवं मामा, मागं मावशी आडव्या झाल्यात. तुमाला दिसंना का?"

दिसत नव्हते, साहेब. तेवढ्याचसाठी हे आरसे आहेत. दोरीचा फास तिच्या मनगटाभोवती तसाच होता आणि अर्जुनाने आपली घोंगडी तिच्या अंगावर आधीच घातली होती. त्याने तिला खांद्यावर उचलून केबिनमध्ये आणले आणि मेंढरे माळावर तशीच सोडून तो विट्यापर्यंत बरोबर आला. त्याची घोंगडी अर्जदाराकडे राहून गेली आहे. ती परत करायला अर्जदार दोनदा त्या रस्त्याने गेला, पण कळप पुढे गेलेला होता.

९) विट्यात डॉक्टरांनी तिला तपासता तपासता विचारले, "किती वेळ झाला?" अर्जदाराने पाच मिनिटे असे सांगितले. ती संध्याकाळच्या आत गेली. शिरवळला कारखान्यात नोकरीला असलेली मुलगी सबा रात्री आली, तिनेही तेच विचारले आणि तिलाही पाच मिनिटे असेच सांगितले. नंतर ती फोनवर अनेकदा म्हणाली, "अब्बा, पाच मिनिटांत तुमी तरी काय करणार हुता? मनाला लावून घेऊ नका." तिने असे म्हटले की अर्जदार व्हय म्हणतो आणि फोन ठेवतो. त्यानंतर त्याला जेवण जात नाही. सहा महिने झाले, बापलेकीचे बोलणे पाच मिनिटांपुढे सरकलेले नाही. घरात दुसरे कोणी नाही, जगात एकच माणूस उरले आहे आणि त्याच्याशीही खरे बोलता येत नाही. सबा म्हणते, पाळणा विकून शिरवळला या. ती प्रेमानेच म्हणते. पण तिच्या घरात ते खोटे घेऊन राहायला जाण्याची अर्जदाराची हिंमत होत नाही.

१०) सबब, वर सांगितलेली माहिती या अर्जाद्वारे दुरुस्त करण्यात येत आहे. पाच मिनिटे ही नोंद चुकीची समजावी. गाडी थांबवल्यावर केबिनमधल्या घड्याळात तीन तेहतीस झाले होते आणि काठी वाजली तेव्हा चार वाजून आठ मिनिटे. म्हणजे पस्तीस मिनिटे. तेवढा वेळ अर्जदार तिच्यापासून वीस फुटांवर बसून होता. लवकर पाहिले असते तर ती वाचली असती की नाही हे डॉक्टरांना विचारण्याचे धाडस त्याला आजवर झालेले नाही. पण तिला एकटीला पडून राहावे लागले नसते, एवढे त्याला कळते.

११) सबब विनंती अशी. म्हसवडची जत्रा तोंडावर आली आहे. गाडीच्या तपासणीचा दाखला नसेल तर पाळणा जाणार नाही, आणि यंदा गेला नाही तर पुन्हा कधी जाईल असे वाटत नाही. करिता आरसे ठेवू द्यावेत. दोन वीत फार होत असेल तर दीड वीत करू, पण शेवटची फळी दिसली पाहिजे, त्याहून आखूड करायला लावू नये. दांड्यांच्या टोकांना लाल रंग लावण्यास अर्जदार तयार आहे.

घंटी व दोरी काढण्यास त्याची हरकत नाही. आपल्या समोरच काढली जाईल. फक्त ६ मे रोजी पडलेल्या एका ठोक्यानंतरचे दोन ठोके अजून पडायचे आहेत. अर्जदाराने स्वतः ओढून पाहिले, ते काही खरे वाटत नाही. ते आधी पडू द्यावेत. ते सबाने द्यावेत अशी इच्छा आहे. तिच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून फेरतपासणी २१ किंवा २८ तारखेस, गुरुवारी ठेवावी. या अर्जाची प्रत तिला पाठवली आहे. ती वाचून ती येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. नाही आली तर तिला बोल लावता येणार नाही, आणि आपण तपासणी नेहमीप्रमाणे उरकून घ्यावी. आली तर मात्र तिला ट्रॉलीच्या मागे जाऊ द्यावे. तिथे काय करायचे हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

आपला नम्र आणि तारखेची वाट पाहणारा,

(सही)
चांदसाहेब दस्तगीर शिकलगार

सोबत :
१. त्रुटींची चिठ्ठी, मूळ प्रत.
२. आरशांचे दोन फोटो, एक उघडे व एक दुमडलेले.
३. अख्तरबी हिच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स.

प्रत माहितीसाठी : सबा चांदसाहेब शिकलगार, शिरवळ. (कलम ८ ते १० आधी वाचावे. मग फोन करावासा वाटला तर करावा. अर्जदार उचलेल.)