तांदळाचं धुवण

प्रिय अक्का,

उद्या दुपारपर्यंत मला एका दवाखान्याला होकार आणि दुसऱ्याला नकार कळवायचा आहे. नांदेडचे डॉक्टर म्हणतात, पिशवी काढून टाका. लातूरच्या डॉक्टरबाई म्हणतात, नुसती गाठ काढू. होय, मलाही गाठ निघाली. तुला होती तशीच, गर्भाशयात. हे सगळ्यात आधी तुला सांगितलं असतं, पण तू जाऊन तीन वर्षं झाली. म्हणून लिहायला बसले.

सात-आठ महिने मी कुणाजवळ बोललेच नाही. ऑफिसला काळा ड्रेस घालून जायचे, खुर्चीवर जुन्या अंकाची घडी टाकून बसायचे आणि उठताना आधी मागे वळून घडीवर डाग पडलाय का बघायचे. तुझं एवढं सगळं डोळ्यांसमोर घडूनही मी हेच केलं. तू काय म्हणाली असतीस? "पेपरवाली बाई शेवटी पेपरावरच बसली." असंच काहीतरी.

दिवाळीत तुझी रेखा आली आणि तिनं माझी पापणी खाली ओढून पाहिली. आता ती लातूरला क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते ना. "मावशी, अंगात रक्त हाय का न्हाई तुझ्या?" म्हणाली, आणि सण सरताच सोनोग्राफीला घेऊन गेली.

नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. वय विचारलं, मी चव्वेचाळीस सांगितलं. मुलं किती? दोन. "मग ठेवून काय करायचंय? काढून टाकू, कटकट संपली. सोमवारी या." माणूस वाईट नव्हता. बाहेर बाकड्यावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, कुणी उमरीहून, कुणी किनवटहून, आणि बऱ्याच जणी दवाखान्यात राहायच्या तयारीनं कपड्यांची पिशवी घेऊनच आलेल्या. एक पिशवी घेऊन यायचं, दुसरी ठेवून जायचं.

खरं सांगू? मी तयार होते. मला ती तुझ्या वतीनं काढून टाकायची होती. जिनं तुला नेलं ती वस्तू माझ्या अंगात एक दिवसही नको, असं वाटत होतं. रेखाच अडून बसली. "काढायचीच असली तर काढू, मावशी. पण अजून एकीला दाखवून. घाई कुणाला हाय?"

आम्ही लातूरच्या बसमध्ये बसलो. वाटेत बस थांबली तेव्हा रेखानं चहा आणला आणि सहज बोलली, "आईला कुणी दाखवलंच न्हाई वेळेवर. ती आपली रोज सकाळी तांब्याभर तांदळाचं धुवण प्यायची. कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक." अक्का, तू पोरीला सांगितलं नव्हतंस? शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाहीस?

लातूरच्या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि त्रास काय होतो ते विचारलं. मी म्हणाले, "अंगावरून जातंय." आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, आणि तिथं माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं.

"काय जातं? पांढरं का लाल?"

रेखानंच सांगितलं, "लाल. गाठी पडतात." बाईंना वाटलं मी लाजले. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं दोन्हीला एकच शब्द वापरतात, म्हणून मी प्रत्येकीला विचारते."

मी तुला विचारलं नव्हतं.

बातमीच्या कामासाठी माझ्या फोनवर आलेलं प्रत्येक बोलणं आपोआप साठवलं जातं. तुझाही तो फोन आहे. मोबाईल दोनदा बदलला, पण ते बोलणं मी प्रत्येक वेळी पुढं घेऊन आले. पुसता येत नाही, आणि ऐकल्याशिवाय राहवत नाही. तू किल्लारीच्या घरातून बोलतेस, अगदी हळू. मागं तुझे सासरे खोकतात. माझ्या बाजूला कीबोर्डचा आवाज.

"नले, अंगावरून लई जाऊन राहिलंय गं. काय करू?"

"अगं, होतं असं. रोज सकाळी तांदळाचं धुवण घे. थांबेल."

"धुवणानं थांबतंय का हे? ह्ये तसं न्हाई गं, ह्ये…"

"थांबतं. अक्का, ठेवू का? छपाईला पान सोडायचंय."

"हाव, सोड बाई. जेवणाच्या पानावर तरी कधी धड बसलीस?" आणि तू हसतेस.

मी पांढरं समजले. माझ्या डोक्यात त्याच आठवड्यात छापलेला, पांढरं जाण्यावरच्या घरगुती उपायांचा मजकूर होता. 'ह्ये' म्हटल्यावर तू क्षणभर थांबतेस, सासरे पुन्हा खोकतात, आणि त्या जागेत मी माझं 'थांबतं' घालते. शंभरदा तरी ऐकलं असेल. प्रत्येक वेळी वाटतं, या खेपेला तू पुढचा शब्द बोलशील. अंगणात येऊन का नाही बोललीस गं? पुन्हा का नाही केलास फोन? पेपरातल्या बहिणीनं सांगितलंय म्हणून तीन महिने धुवण पीत बसलीस, आणि मी एकदाही विचारलं नाही, थांबलं का म्हणून.

लातूरला आणलं तेव्हा तुझ्यात उभं राहण्याइतकंही रक्त उरलं नव्हतं. बाटली चढत होती, पण हृदय थकून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, गाठ साधीच होती, कॅन्सर वगैरे काही नाही. बाकीच्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. मला ते 'साधीच' आजही सोसत नाही. भात टाकताना पहिलं पाणी पांढरं होऊन बोटांतून जातं आणि मी नळ सुरू ठेवून उभी राहते. घरातले विचारतात, काय झालं? काय सांगू?

तर त्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. माझी गाठ पिशवीच्या आतल्या अंगाला आहे, म्हणून पोट न फाडता खालून दुर्बिणीनं निघेल. आधी गोळ्या आणि इंजेक्शनांनी रक्त वर आणायचं, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायचा, मगच हात लावायचा. पुन्हा गाठ होऊ शकते, तेही लपवलं नाही. "पिशवी काढणं चूक नाही. काहींना तेच बरं पडतं. पण तुमच्यासाठी ती पहिली पायरी नाही. ठरवायचं तुम्ही."

मी वही काढली. असं ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलीत? मध्येच रक्त थांबलं नाही तर? पिशवी काढावीच लागली, तर अंडाशय ठेवाल ना? बाई हसल्या, सगळ्याची उत्तरं दिली आणि म्हणाल्या, "घरी जा, विचार करा, मग फोन करा." सोमवारी या, असं त्या म्हणाल्या नाहीत.

लिहिता लिहिता ठरलं, अक्का. मी लातूरला जाणार. पिशवी काढून तू परत येणार नाहीस. त्या पिशवीवर राग काढत होते, पण तुला नेलं ते तिनं एकटीनं नाही.

एक काम राहिलंय. ऑपरेशनच्या कागदावर माझ्याबरोबर रेखा सही करणार आहे. माझा हात धरून ती दवाखान्यात शिरेल, आणि धुवण कुणी सांगितलं हे तिला अजून माहीत नाही. सहीच्या आधी मी तिला तो फोन ऐकवीन, हे तुला वचन. त्यानंतर तिनं हात सोडला तर एकटीनं आत जाईन. पण तू झाकून ठेवलंस म्हणून मीही झाकणार नाही.

आणि यापुढे कुठलीही बाई मला म्हणाली, अंगावरून जातंय, तर मी आधी रंग विचारीन, मग किती दिवस झाले ते विचारीन. पान अडलं तर अडू दे.

तुझी,
नलू