आज पॅन्ट आली

धाकट्या,

आज दुकानात इस्त्रीला पॅन्ट आली! कोरोनाचे निर्बंध लागल्यापासून लोक घरूनच ऑफिस करतात. कॅमेऱ्यात दिसतो तेवढा शर्ट कडक हवा, खाली काय का असेना. अर्ध्या माणसाच्या कपड्यांवर दोन भावांची घरं कशी चालणार? म्हणून तर तुला म्हटलं, "दुसरीकडे काम बघ."

तुझी वहिनी म्हणते, "भावजींना कळवा की, धावत येतील." तीच तर भीती. तिथे तुला पगार मिळतो. इथे उद्या पुन्हा शटर पाडायला लावलं तर? हे पत्र काही टाकत नाही.

शर्ट माझ्याकडे, पॅन्ट तुझ्याकडे, हे अजून हातात बसलंय. सवयीनं ती तुझ्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला आलं, तर तशीच चुरगळलेली पडली होती.

तुझा दमलेला,
दादा