गाळणीच्या पुढचा जोड

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विमानाचा पंखा समोर आडवा थांबला आणि त्याच्या पात्यावरचा माझ्याच ब्रशचा फराटा मला दिसला. पंखा फिरत असतो तेव्हा तो दिसत नाही. चाकांनी नुकती जमीन सोडली होती, शेजारी बाबा होते. त्यांनी विचारलं, इतकं शांत व्हायचं असतं का. मी हो म्हणालो. पुढे कापलेल्या गवताचं मैदान होतं, तिथे उतरवलं. उतरवलं म्हणजे आपटलं. पुढचं चाक गेलं आणि बाबांच्या खांद्याचं हाड चिरलं. बाबा ठीक आहेत. हात झोळीत आहे, तोंड सुरू आहे.

आता तुला आवडणार नाही ते. इंजिन भावोजींच्या कारखान्याचं, त्यांच्याच शब्दावर घेतलेलं. इतकी वर्षं संध्याकाळी दवाखाना बंद करून मी हे विमान बांधलं. पत्रा माझा, सांधे माझे, वायरी माझ्या. त्यात मी न बांधलेली एकच वस्तू होती, आणि तीच बंद पडली. विमान बांधणाऱ्या आमच्या मंडळाच्या मासिकाला मी सविस्तर पत्र पाठवलं आहे, की ज्यांना घरी परत यायचं असेल त्यांनी हे इंजिन घेऊ नये. भावोजींचा उल्लेख केलेला नाही. पण प्रत्येक इंजिन तपासून सोडणारे तेच, हे सगळ्यांना माहीत आहे. नातं मध्ये आलं म्हणून गप्प बसणं मला जमत नाही.

कार्ब्युरेटर त्यांनी सांगितल्याप्रमाणे न उघडता पार्सलने पाठवला आहे. काय निघतं ते कळवा म्हणावं.

या भांडणाने तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
खटपट्या


१५ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

बाबांशी बोलले. त्यांच्या सांगण्यात मैदान दर वेळी लहान होतंय आणि तू दर वेळी मोठा. पुढच्या आठवड्यापर्यंत तू विमान रुमालावर उतरवलेलं असशील.

फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहिते. यांनी कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल ज्या बारीक भोकातून इंजिनात जातं त्यात हिरव्या रबराचा तुकडा अडकला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. कारखान्यात यंदा हिरव्या रबरी रिंगा आल्या आहेत आणि त्या यांनीच निवडल्या होत्या. झालं. हे तडक मालकांकडे गेले आणि चूक माझी म्हणाले. ज्यांच्या इंजिनात ती रिंग आहे त्या सगळ्यांना विमानं जमिनीवर ठेवायला कळवलं. मालकांनी इंजिनं तपासायच्या खोलीची किल्ली यांच्याकडून काढून घेतली. आता हे दिवसभर कोठारात बसून रिंगा निवडतात, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितात आणि घरी आले की बूट न काढता बसून राहतात. आमच्या घरात बडबड कुणाची असते ते तुला माहीत आहे. सध्या मला रेडिओ लावावा लागतो.

तो तुकडा बाटलीत घालून घरी आणला होता. मी पाहिला. गेल्या वर्षी माझ्या दाढेच्या टोपीसाठी माप घेताना तू तोंडात जे हिरवं रबर भरलंस, ज्याने मला ओकारी आली आणि तू हसलास, तो रंग मी विसरणार नाही. यांना मी काही बोलले नाही. तू तुझे पेट्रोलचे जोड एकदा बघ. आणि दिसेल ते मला लिहू नकोस, यांना लिही.

बाबांना जप. माझा लोभ आहेच, त्याला फार ताणू नकोस.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तरी तुलाच लिहितो आहे.

गाळणीच्या पुढचा जोड. बाबांना न्यायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी तो ठिबकू लागला. जोडाला लावायची पेस्ट संपली होती. बाबांनी शर्टाला इस्त्री करून तो खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. दवाखान्यातलं मापाचं रबर हाताशी होतं. ओल्या तोंडात ते बघता बघता बसतं. पेट्रोल म्हणजे ओलंच, असं मी समजलो. ठिबकणं थांबलं आणि मला माझं कौतुक वाटलं. काल जोड उघडला. पेट्रोलने फुगून रबराच्या चिंध्या झाल्या होत्या. जोड गाळणीच्या आधी असता तर गाळणीने त्या धरल्या असत्या.

मासिक आलं आहे. माझं पत्र पहिल्याच पानावर आहे. पेशंट तोंड उघडायच्या आधी अभिनंदन करतात. मंडळ पुढच्या महिन्यात माझा सत्कार करणार आहे, बाबांना शेजारी बसवून. रोज सकाळी मी बाबांची झोळी बांधतो तेव्हा ते मान वर करून म्हणतात, तू होतास म्हणून वाचलो. मी गाठ मारत राहतो.

एक विचारू का. भावोजींनी कारण सापडलं नाही एवढंच लिहिलं तर? इंजिनांच्या बाबतीत असं होतं म्हणतात. त्यांचंही भागेल आणि माझंही. तू सुचवून बघ.

लोभ उरेल तेवढा राहू दे.

तुझा भाऊ


२६ मार्च

चि. भावास,
आशीर्वाद.

तुझा निरोप मी दिला नाही. खरं काय ते सांगितलं, असंही नाही.

काल चहा पिताना यांनी विचारलं, दाताचं माप घेताना तोंडात काय भरतात. मी म्हणाले, आठवत नाही. हे कपाकडे बघत बरं म्हणाले. आम्ही पडद्यांच्या रंगावरून भांडलो आहोत, तुझ्या विमानावरून भांडलो आहोत, पण यांच्याशी समोरासमोर मी कधी खोटं बोलले नव्हते. तेही तुला वाचवायला बोलले नाही. माझ्या माहेरचं माणूस असं निघालं, हे माझ्या तोंडाने सांगायची लाज वाटली. चहा झाल्यावर यांनी आपली कपबशी स्वतः विसळली. रोज टेबलावर टाकून जातात.

दाढ दुखते आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईन.

ताई


३० मार्च

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या तक्रारीबाबत कळवितो की, कार्ब्युरेटरमध्ये सापडलेला तुकडा व आमची हिरवी रिंग पेट्रोलमध्ये बुडवून ठेवली होती. रिंग होती तशी राहिली. तुकडा फुगला. भिंगाखाली त्याच्या एका बाजूस जोडाच्या आट्यांचा ठसा स्वच्छ दिसतो. आमची रिंग आट्यांवर बसत नाही, आणि इतका स्वच्छ ठसा घेणारे रबर आमच्या वापरात नाही. त्यामुळे इतर ग्राहकांना विमाने पुन्हा वापरण्यास हरकत नसल्याचे कळविले आहे. मासिकातील पत्रामुळे पुष्कळांचा त्यावर विश्वास बसलेला नाही. मालकांचाही नाही.

तुकडा कोणत्या जोडातून आला हे आम्ही सांगू शकत नाही, कारण तो जोड आम्ही बसविलेला नाही. आपण सांगू शकाल.

कार्ब्युरेटर साफ करून परत पाठवीत आहे. त्याचे शुल्क नाही. सोबत पेट्रोलमध्ये टिकणाऱ्या पेस्टची ट्यूब ठेवली आहे. जोड पुसून, पूर्ण कोरडा करून मगच लावावी.

आपल्या वडिलांच्या खांद्यास आराम पडला असेल, अशी आशा आहे. यापुढील पत्रव्यवहार मालकांशी करावा. हे काम माझ्याकडे राहणार नाही.

कळावे. स्नेहाबद्दल वेगळे लिहीत नाही.

आपला,
ग्राहक मदत विभाग


५ एप्रिल

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

ट्यूब मिळाली. आल्यापासून दवाखान्यातल्या टेबलावर, आरशाशेजारी होती.

आज सत्कार झाला. बाबा माझ्याआधी बोलले. मैदान खरंच रुमालाएवढं झालं होतं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग मी उठलो आणि सांगितलं की इंजिनात दोष नव्हता. गाळणीच्या पुढच्या जोडात मी दातांचं रबर भरलं होतं, आणि हे कळल्यावरही गप्प बसलो होतो. खिशातून जोड काढून पहिल्या रांगेत दिला. तो हातोहात फिरला. एकाने नखाने रबर खरवडून पाहिलं. बाबांकडे आला तेव्हा त्यांनी एका हाताने उलटसुलट करून पाहिला आणि पुढे दिला.

हे सगळं पुढच्या अंकात पहिल्याच पानावर छापायचं संपादकांनी कबूल केलं आहे. मालकांना वेगळं पत्र लिहिलं आहे, किल्ली तुम्हाला परत द्यावी म्हणून. ते काय करतील, मला माहीत नाही.

ताई तुमच्याशी खोटं बोलली ते माझ्यामुळे. तिला बोलू नका. दाढ तिला हवी तिथे दाखवू द्या.

येताना गाडीत बाबा मागच्या सीटवर बसले.

लोभ असावा असं लिहायची सवय आहे. या वेळी लिहीत नाही.

आपला
मेहुणा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी बाबांची झोळी बांधायला गेलो. त्यांनी ती शेजाऱ्यांकडून बांधून घेतली होती.