पाशा जेवत नाही

१४ एप्रिल

आजही तोंड लावलं नाही! इमारतीमागच्या माळावरून गुडघ्यांची वाट लावून पिवळी रानफुलं खुडून आणली, आणि महाराज दिव्याखाली डोळे मिटून पडलेले. पाशाला काय झालंय कळत नाही. मोरोक्कोचा सांडा आहे, हातभर लांब, वाळवंटातला सरडा. त्याच्या खोलीत उकडतं आणि मी थंडीत स्वेटर घालून बसते — चालतं मला.

घटस्फोटात ओटाने गाडी घेतली, मी पाशा घेतला. फायद्यात मीच राहिले. हा नर खोटं बोलत नाही, घोरत नाही, जिन्यात बाई दिसली की पोट आत ओढत नाही.

१५ एप्रिल

मारेशोवा बाई लिफ्टमध्ये: "काय हो, तुमची पाल अजून आहे का?" पाल! स्वतःच्या कुत्र्याला रेनकोट घालते ही. मी म्हटलं, आहे, तुमच्या यजमानांपेक्षा चांगली दिसते. चौथ्या मजल्यावर तरातरा उतरून गेली.

१६ एप्रिल

नाही जेवला.

१७ एप्रिल

आता नवीनच. दिवसभर पुढच्या पायांनी फरशी खरवडतोय. नखातून रक्त आलंय. पोट तेवढं फुगलंय, बाकी नुसती हाडं.

डॉक्टरकडे नेलं. मांजरांचा डॉक्टर. पाशाला कसा धरायचा हे मी शिकवलं! "वय झालंय हो बाई, असं होतं," म्हणाला. याच्यासारख्याला पदवी कोण देतं? सरड्यांची डॉक्टरीण ईस्टरच्या सुट्टीवर, मंगळवारी येईल. मंगळवारपर्यंत हा राहील का? मला भीती वाटतेय. लिहूनच टाकलं.

१८ एप्रिल

ब्लांकाचा फोन. आईची काळजी वगैरे, मग मुद्द्यावर: "आई, बाबांना विचार ना. त्यांना कळतं सांड्यांतलं."

बाबांना! आमच्या ब्रनोच्या सरडे पाळणाऱ्यांच्या मंडळात वाळूवाले आणि फरशीवाले एका टेबलावर बिअर पीत नाहीत. मी फरशीवाली: सांड्याच्या पेटीत फरशीच हवी. वाळू पोटात जाते, आतडी तुंबतात, जनावर जातं — शंभरदा सांगितलंय. ओटा वाळूवाला. त्याची नवी बाई तर सरड्याला विणलेली टोपी घालून फोटो काढते. अशा घरात सल्ला मागायचा?

संध्याकाळी फोन करून मागितला. पाशा उभाच राहात नव्हता.

"खणायचंय त्याला," ओटा म्हणाला. "का ते विचारू नकोस, पण खणू दे. वाळू दे."

"माझ्याकडे वाळू नाही."

"ती तुझ्याकडे नसणारच म्हणा!"

१९ एप्रिल

लिफ्ट बंद. ओटा वाळूची बादली घेऊन सहा मजले चढून आला, घामाने थबथबलेला, तोंड टोमॅटोसारखं. इथेच मेला तर निस्तरायचं कोणी? कॉफी दिली. साखर विचारली नाही. वाळू ओली करून पेटीत ओतली, पाशाच्या डोक्यावरून बोट फिरवलं, "म्हातारा झालास रे," म्हणाला. मी म्हटलं, आरसा बाथरूममध्ये आहे. हसला. पूर्वीसारखाच हसतो, मूर्ख!

पाशा वाळूत डोक्यासकट शिरला. बाहेर येईना.

२० एप्रिल

अजून वाळूतच. चर्चच्या घंटा वाजताहेत. मी खोलीत खुर्ची टाकून बसले आहे.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सकाळपासून जिन्यात पुरुषांचा धिंगाणा. ईस्टरची रीत म्हणे: विलोच्या फांद्यांच्या छड्या घेऊन दारोदार बायकांना मारायचं आणि वर त्यांच्याकडूनच रंगीत अंडी मागायची! मी दार उघडत नाही.

पाशा बाहेर आला. पोट रिकाम्या पिशवीसारखं लोंबतंय, पण चालतोय. पिवळी फुलं खाल्ली — माझ्या हातून! मी रडले.

मग वाळू उकरली. आत अंडी. पांढरी, मऊ, ओळीने. नराशिवायची, म्हणजे फोल. पण अंडी!

म्हणजे ओटा गेल्यापासून या घरात पुरुष नव्हताच. आणि मी समजत होते, एक आहे म्हणून निभावतंय.