अर्धी गोळी

३ मार्च
दोन वर्षांत एकही फिट नाही. म्हणजे आजार गेला. उरलाय तो गोळीचा त्रास. हात थरथरतो. आणि मी केकवर नावं लिहिणारा माणूस. आज मालकांनी विचारलं, कोंबडीच्या पायाला क्रीम लावून लिहिलंस का. पुन्हा असं झालं तर ट्रे घासायला बस, हेही म्हणाले.
निश्चय : उद्यापासून गोळी अर्धी. डॉक्टर नाहीच म्हणणार, म्हणून विचारायचं नाही.

९ मार्च
हात स्थिर. मालक म्हणाले, अगदी छापल्यासारखं. बायकोने विचारलं, गोळी घेतली का. घेतली म्हटलं. खोटं नाही. किती, हे तिने विचारलं नाही.

१४ मार्च, दुपारी
एका केकवर क्रीमचा डोंगर. क्रीमची पिशवी रिकामी, माझी मूठ तशीच आवळलेली. मालक म्हणाले, तीन हाका मारल्या, होतास कुठे. कामात तल्लीन होतो. कलावंताचं असं होतं.

१७ मार्च
मनगट भाजलंय. ट्रेचा चटका असावा. कधी बसला, आठवत नाही. म्हणजे सहनशक्ती वाढली. पूर्ण गोळी सुरू करावी असं क्षणभर वाटलं. भित्रेपणा, दुसरं काय. रविवारी लग्नाचा तीन मजली केक आहे. तो होऊ दे, मग बघू.

१८ मार्च
ओव्हनपासून चार हात लांब उभं राहून काम केलं. सहज. घरी बाथरूमची कडी लावली नाही. तेही सहजच.

२० मार्च, संध्याकाळी सहा
लेकीला शाळेतून आणलं. सहा वर्षांची, वाटभर बडबड. घरी आल्यावर म्हणाली, बाबा, रस्त्याच्या मध्ये स्टॅच्यू नका करत जाऊ. कसला स्टॅच्यू, विचारलं. तर म्हणे, तुम्ही करता तो, डोळे उघडे ठेवून. ओव्हर म्हटलं तरी हलत नाही. आज तिने दप्तर उंच धरून ट्रक थांबवला. ट्रकवाले काका खूप ओरडले. तुम्हाला नाही, म्हणाली, मला.
मला ट्रक आठवत नाही.

६.४०
बायकोला बोलावून सगळं सांगितलं. ती रागावली नाही, त्यामुळे जास्तच घाबरलो. तिने डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. त्यांनी विचारलं, असं किती वेळा झालंय. मी म्हटलं, एकदा. समोर लेक बोटं मोजत होती. एक हात संपला, दुसरा सुरू झाला.
मी फोन लेकीकडे दिला.