गोमतीबाईकडचं ताक

कामरगाव, ४ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस,
अनेक आशीर्वाद.

फोन वाजला की निकिता दचकते, म्हणून पत्र पाठवा, असा तुझा निरोप मिळाला. तीस वर्षं शाळेत शिकवलं. पत्र मला जड नाही.

प्रज्वल दर शनिवारी वाशिमला समुपदेशनाच्या गटात जातो. बारा पुरुष गोल करून बसतात, प्रत्येकानं बायकोवर हात टाकलेला. नुसतं राग आला म्हणून भागत नाही. कुठं मारलं, तेव्हा लेकरं कुठं होती, सगळं सांगावं लागतं. पहिल्या दिवशी तणतणत आला की ती गटाची बाई मले चोर समजून राह्यली काय. मी म्हटलं, चोर नाहीस, बायकोचा दात पाडलास. जेव आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जा. आता मुकाट्यानं जातो.

त्याला निकिताला भेटायचं आहे. गटाच्या बाई म्हणतात, मुलीच्या आईनं हो म्हटलं तरच. माझा आग्रह नाही. एवढंच सांगते, पोरीनं काही पाहिलेलं नाही. दर वेळी मी तिला आधीच बाहेर काढलं.

माया आहे तशीच असू दे.

तुझी सासू,
मनकर्णाबाई

---

केनवड, १३ जानेवारी

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

दाताचं तुम्ही सरळ लिहिलंत, बरं वाटलं. इथं माहेरी आमची भुरीकाकू अजून लोकांना मी न्हाणीत घसरले असंच सांगते.

परवा बाबा आणि गोविंदाकाका हरभऱ्याच्या पाण्यावरून मोठ्यानं बोलत होते. भांडण नव्हतं, दोघांनाही कमी ऐकू येतं. निकिता उठली, मांडणीवरचा डबा घेतला आणि निघाली. स्टँडवर रिसोडच्या बसजवळ सापडली. म्हणाली, ताक आणाले चालली. आजी म्हणत होती, शेजारच्या गोमतीबाईकडं जा अन् हळू ये.

आई, ताक तर घरात असायचं. सात वर्षांची पोर भरला डबा धरून उंबऱ्यावर उभी राहायची. आतून मला दिसायची. तिच्या हातातून तो कोणी घेत नव्हतं.

आज मी हो म्हणू शकत नाही. राग नसावा.

आपली,
वर्षाराणी

---

कामरगाव, २६ जानेवारी

चि. सौ. वर्षाराणीस,
अनेक आशीर्वाद.

होय. हळू ये, असंच मी म्हणायची.

तुझं पत्र प्रज्वलला वाचून दाखवलं. म्हणाला, गटात बाईंनी विचारलं होतं, तुझा बाप आईले मारत होता तेव्हा तू कुठं होता? यानं सांगितलं, ताक आणाले. बाकीचे हसले. बाई हसल्या नाहीत.

तुझे सासरे नानाजी जाऊन बारा वर्षं झाली. तोच डबा, तीच शेजारीण. आंबट सोसत नाही म्हणून प्रज्वल ताक पीत नाही, असं मी समजत होते. बी.ए. झालेली बाई मी. पोरगा बाहेर गेला म्हणजे वाचला, असा हिशेब केला. तो परत यायचा तेव्हा मी तोंड धुऊन चहा ठेवलेला असे. कोणी काही बोलत नसे. तो तेवढंच शिकला.

काल गोमतीबाईकडे गेले. तिनं सांगितलं, तुह्या घरातला आवाज थांबला का मंगच मी डबा भरत होती. आधी पोराचा, मंग पोरीचा. भरल्या डब्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तू हो म्हणू नकोस. मला मात्र लिहीत जा.

मनकर्णाबाई

---

केनवड, २४ फेब्रुवारी

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही हो म्हणू नकोस लिहिलंत, म्हणूनच बहुधा मी हो म्हटलं. शनिवारी वाशिमला त्या बाईंच्या ऑफिसात अर्ध्या तासाची भेट होती. निकितानं डबा सोबत घेतला. मी अडवलं नाही.

हे लांबच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, तू ताक आणाले जात होती तवा मी तुह्या आईले मारत होतो. तुही काही चूक नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मंग आता मी किती वेळ बाहेर थांबू?

हे म्हणाले, तू कुठंच जाऊ नको, मी जातो. पाच मिनिटंही झाली नव्हती. उठून बाहेर गेले. फाटकाजवळ उभे राहिलेले खिडकीतून दिसत होते. निकितानं डबा माझ्याकडे दिला. रिकामाच होता.

मी कामरगावला परत येणार नाही. पुढच्या भेटीचं निकिता ठरवेल.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, बाबा अजून बाहेरच उभे असतील काय. मी म्हटलं, असतील.

तब्येतीला जपा. आमच्यावर जीव असू द्या.

आपली,
वर्षाराणी