पाच नंबरचा प्लॉट आणि त्यावरचे मावशींचे घर

मी, बुद्धभूषण कोंडीराम सोनवणे, वय बत्तीस, धंदा नोकरी, राहणार खराबवाडी, चाकणजवळ, तालुका खेड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहिले, कारण कंपनीत ज्याला कळले त्याने आधी तेच विचारले. माझा सोबती दिग्विजय म्हणाला, "भावा, या वयात लोक लग्नपत्रिका छापतात. तू हे काय काढलंस?" मला आजार नाही, काळजी आहे. कशाची, ते पुढे येईल.

माझे आईवडील हयात नाहीत. लग्न झालेले नाही. वारस दोन: थोरली बहीण अंजली, जी सासर सोडून आल्यापासून माझ्याकडे राहते, आणि धाकटा भाऊ सनी, जो भोसरीत राहतो. काही न लिहिता मी गेलो, तर माझ्या नावावरचे सगळे या दोघांत निम्मे निम्मे होईल. ऐकायला ते न्यायाचे वाटते. पण तसे झाले तर एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ शकते, आणि तिचा त्यात काडीचाही दोष नसेल. म्हणून हा कागद.

कलम १. जमिनीची हकिकत.

खराबवाडीत ओढ्याच्या अलीकडे अकरा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. सुटा गुंठा कोणाच्या नावावर होत नव्हता, म्हणून एजंट गणराजशेठने आम्हा दहा अनोळखी माणसांना एकाच खरेदीखतात बसवले. दहा जणांचे दहा गुंठे, अकराव्यात रस्ता. सातबाऱ्यावर दहा नावे एकाखाली एक. कोणाचा तुकडा कोणता, हे फक्त खरेदीखताला जोडलेल्या नकाशात आहे. तिथे माझ्या नावापुढे पाच नंबर आहे.

जागा घेण्यातले मला तेव्हा काही कळत नव्हते. शाळा नववीत सुटली. बाबांकडे पाहून एवढेच शिकलो होतो की भाड्याच्या खोलीत माणूस पाहुणा असतो. बाबा फाउंड्रीत होते. पिंपरी, काळेवाडी, सांगवी अशा खोल्या बदलत आम्ही मोठे झालो. सांगवीच्या मालकाने भिंतीला खिळा ठोकायला मनाई केली होती. आई गेली तेव्हा तिची तसबीर बाबांनी पत्र्याच्या पेटीवर भिंतीला टेकवून ठेवली, आणि खोली सोडेपर्यंत ती तशीच टेकलेली राहिली. त्या मालकाला मी माफ केलेले नाही, आणि मेल्यावरही करण्याचा विचार नाही.

गणराजशेठने जागा दाखवली तेव्हा फक्की नुकतीच मारलेली होती. गवतावर पांढऱ्या रेघा. रस्त्यावर उभे राहून शेठने बोट नाचवत मोजले, "एक, दोन, तीन, चार, आणि हा तुमचा पाच! काका, नारळ फोडा."

बाबा म्हणाले, "नारळ राहू द्या, शेठ. आधी बसून बघतो." आणि चप्पल काढून त्या पाचव्या चौकोनात मधोमध मांडी घालून बसले. बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "भूषण, इथं कुणी ऊठ म्हणणार नाही."

पुढची दोन वर्षे बांधायला पैसे नव्हते. बसायला पैसे लागत नाहीत, म्हणून आम्ही दर रविवारी जाऊन बसायचो. अंजली भाकरी-ठेचा बांधून घ्यायची. बाबा चपलेच्या टोकाने मातीत घर काढायचे. "ही चूल. ही मोरी. दार उगवतीला." पुढच्या रविवारी सगळे पुसलेले असायचे, मग दार मावळतीला जायचे. एकदा त्यांनी मोरी एवढी मोठी काढली की सनी म्हणाला, "बाबा, पोहायचंय का?" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे विटांचे घर झाले, त्यात मी आजही राहतो. पण डोळे मिटल्यावर जे दिसते ते चपलेने काढलेले. त्याला भिंती नव्हत्या आणि आम्ही चौघेही त्यात मावत होतो.

घर झाले त्या दिवशी प्लास्टर पुरते वाळलेही नव्हते, तोच बाबांनी भिंतीत खिळा ठोकला आणि आईची तसबीर लावली. गवंडी ओरडला, "काका, भिंत चिरंल!" बाबा म्हणाले, "चिरू दे. माझी आहे."

ती त्यांची नव्हती.

वर्षभराने तारेचे कुंपण घालायचे ठरले, म्हणून आम्ही मोजणीवाला बोलावला. त्याने नकाशा उघडला आणि ओढ्याकडून मोजायला सुरुवात केली. नकाशातला एक नंबर ओढ्याला होता. शेठने एक नंबर रस्त्याला धरला होता. दहा प्लॉटांत रस्त्याकडून पाचवा तो ओढ्याकडून सहावा. माझे घर सहा नंबरवर उभे होते. चूक दहाही जणांची होती, पण बाकीच्यांच्या जागेत गवत होते, आणि गवताला नंबर नसतो. मी कंपनीत पार्ट तपासतो. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतो. इथे अख्खा गुंठा चुकलो, कारण एक कुठून सुरू होतो हे विचारायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते.

सहा नंबर रुक्मिणीबाईंचा. त्या परभणीकडच्या. त्यांचे यजमान उद्धवराव टेम्पो चालवायचे. ते गेल्यावर हाती आलेल्या पैशातून त्यांनी हा गुंठा घेतला होता. चाकणला शिफ्टवाल्या मुलांची खानावळ चालवतात; सगळे त्यांना मावशी म्हणतात. निरोप मिळाल्यावर त्या आल्या. त्यांच्या जागेवर माझे घर, आणि त्यांची स्वतःची अजून एक वीटही नाही. बाबा आत खाटेवर होते, छातीच्या दुखण्याने धरलेले. मावशींनी दारातून डोकावले. बाबांकडे पाहिले, तसबिरीकडे पाहिले, आणि बाहेर आल्या.

"लेकरा, घर म्हंजे काय ताट हाय का, हितून उचलून तिथं ठेवायला? तू हितंच ऱ्हा. मी पल्याड बांधते."

मी म्हटले, "मावशी, पल्याडची जागा ओढ्याकडे सरकते. पाणी चढतं."

"मग जोतं उंच घेते. म्हाताऱ्याला हलवू नको."

झाले. एवढेच बोलणे. कागद नाही, साक्षीदार नाही. त्यांनी माझ्या पाच नंबरवर दोन खोल्या बांधल्या. पावसाळ्यात ओढा त्यांच्या दुसऱ्या पायरीला लागतो. माझ्या दारापर्यंत येत नाही. बाबा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत, पण गेले ते आपल्याच घरात आहोत असे समजून गेले. कुणी त्यांना ऊठ म्हटले नाही.

कलम २. पाच नंबरचा प्लॉट.

नकाशा सुधारायला दहाही जणांच्या सह्या लागतात. एक जण आखातात आहे, एकाचा पत्ताच नाही, आणि दहातलेच एक, आबाजी, गेल्या दिवाळीत काही न लिहिता वारले. त्यांची मुले त्यांच्या प्लॉटच्या गवतात उभी राहून एकमेकांची गचांडी धरताना मी पाहिली. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

त्यात सनी एकदा आमच्याकडे जेवताना म्हणाला, "दादा, कागदावर प्लॉट आपला आहे. म्हातारी बसलीय ती फुकट. रिंगरोडचा भाव येऊ दे, एका दिवसात रिकामं करून घेऊ."

अंजलीने त्याचे ताट पुढून ओढले. "आमटी कशी झालीय रे?"

"एक नंबर. का?"

"म्हातारीनं पाठवलीय."

सनी हसला. मला हसू आले नाही.

तरी मी लिहून देतो की, नकाशातील पाच नंबरचा प्लॉट आणि सातबाऱ्यावरील माझा संपूर्ण हिस्सा माझ्या पश्चात श्रीमती रुक्मिणीबाई उद्धवराव शेळके यांना मिळावा. त्या माझ्याआधी गेल्या, तर त्यांनी आपले घर ज्याला दिले असेल त्याला मिळावा. सनीने किंवा कोणीही त्यावर हक्क सांगू नये.

कलम ३. मी राहतो ते घर.

त्याखालची जमीन माझी नाही, म्हणून ती मी देऊ शकत नाही. विटा, पत्रा, मोरी, पाण्याची टाकी आणि आतील सर्व सामान अंजलीला मिळावे. तसबिरीचा खिळा किंचित वाकडा आहे. तो कोणी सरळ करू नये व काढूही नये.

कलम ४. बाकीचे.

बँकेतील शिल्लक अंजली आणि सनीने सारखी वाटून घ्यावी. मोटरसायकल, ड्रिल आणि पार्ट मोजायचा माझा व्हर्नियर सनीला. सनी सध्या प्लॉटमध्ये पैसे घालायचे म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघत असतो, म्हणून त्याला हेही देतो. सनी, जागा पावसाळ्यात बघ. उन्हाळ्यात सगळीच जमीन शहाणी दिसते. एजंटबरोबर एकदा जा आणि त्याच्याशिवाय पुन्हा जा. मोजणी पैसे देण्याआधी करून घे, आणि नंबर कुठून सुरू होतो ते तिथे उभा राहून विचार. शेजारी कोण आहे तेही विचार. सातबाऱ्यावर शेजाऱ्याचा स्वभाव लिहिलेला नसतो. मला तो नशिबाने चांगला लागला; तुला लागेलच असे नाही.

कलम ५. अट.

रुक्मिणीबाईंनीही आज असेच मृत्युपत्र केले आहे. त्यात सहा नंबर मला, आणि मी नसलो तर अंजलीला दिला आहे. मृत्युपत्र माणूस जिवंत असेपर्यंत कधीही बदलू शकतो. त्यांचा एक पुतण्या अलीकडे वरचेवर येऊ लागला आहे, आणि येताना पेढे आणतो. शब्दरचनेत मदत करणारे यशवंतराव, जे निवृत्त कारकून आहेत, मला म्हणाले, "एक ओळ घाला. रुक्मिणीबाईंचे मृत्युपत्र कायम राहिले तरच हे लागू. अहो, उद्या पुतण्याने त्यांचं मन फिरवलं तर तुमची बहीण रस्त्यावर येईल."

ही ओळ मी कच्च्या कागदावर लिहून पाहिली. अंजलीला वाचून दाखवली, कारण धोका तिला आहे. ती भांडी घासत होती. म्हणाली, "मावशींनी बाबांना घातली होती का अट?"

म्हणून ती ओळ या कागदात नाही. रुक्मिणीबाईंनी त्यांचे मृत्युपत्र बदलले, फाडले किंवा हरवले, तरीही कलम २ जसेच्या तसे राहील.

ज्याला मिळते त्याने साक्ष करू नये असे यशवंतराव म्हणतात, म्हणून मावशींना बाहेर ओट्यावर बसवले आहे. त्या तिथून दोनदा ओरडल्या, "झालं का रं? चहा निवायलाय." म्हणून अधिक लिहीत नाही. वरील मजकूर वाचला, पुन्हा वाचला, बरोबर आहे.

लिहून देणार: बुद्धभूषण कोंडीराम सोनवणे (सही)

लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर:
१. यशवंतराव गोविंदराव काळभोर (सही)
२. दिग्विजय मारुती गवारे (सही)

दिनांक: १५ डिसेंबर २०२४, रविवार.
ठिकाण: रुक्मिणीबाईंच्या प्लॉटवरील माझे घर.